मुका मार

मेमो माझ्या एका हातात आला तेव्हा दुसऱ्या हातात उंदीर होता.

दस्तगीर शिपाई प्राणीघराच्या दारातच उभा होता. आतला वास त्याला सोसत नसे. हात लांब करून त्यानं कागद पुढे धरला. "मावशी, एवढी सही करा की. मला अजून तीन विभाग फिरायचेत."

"काय आहे?"

"प्रेमपत्र असतं तर पाकिटात आलं असतं. उघडं आलंय म्हंजे मेमोच."

मी उंदीर पिंजऱ्यात सोडला, जाळीची कडी लावली, हात धुतले आणि मग वाचलं. 'आपण दि. ९ रोजी प्रयोगातील प्राण्यांचे अवयव विहित वेळेत द्रावणात न ठेवता हलगर्जीपणा केला असून त्यामुळे संशोधनाचे नुकसान झाले आहे. याबाबत आपला लेखी खुलासा सात दिवसांचे आत सादर करावा. अन्यथा आपणांस काही सांगावयाचे नाही असे गृहीत धरून पुढील कार्यवाही करण्यात येईल.' खाली विभागप्रमुख डॉ. कारखानीसांची सही. बारीक, सरळ, एकही रेघ वाकडी नाही.

दस्तगीरच्या वहीत मी लिहिलं, 'मिळाला. मान्य नाही. रत्नमाला कोथमिरे.'

"अवो, तिथं नुसती सही करायची असती," तो वही बघत म्हणाला. "मजकूर लिवायचा नसतो."

"आता लिहिलाय. जा."

तीस वर्षं झाली याला. तेव्हा मी एका सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात औषधशास्त्र विभागाच्या प्राणीघरात परिचर होते. वर्ग चार. नोकरीला सतरा वर्षं झालेली. कागदावर माझं काम पिंजरे धुण्याचं आणि दाणापाणी घालण्याचं. पण तंत्रज्ञाची जागा सहा वर्षं रिकामी होती आणि ती भरायची कुणाला घाई नव्हती, कारण काम होत होतं. उंदराला ईथर देऊन मारणं, पोट उघडून अवयव काढणं, ते मेणात बसवणं, मेणाच्या वडीचे कांद्याच्या सालीहून पातळ काप काढणं, काचेवर चढवून रंगवणं, हे सगळं मी करत होते. आठवी शिकलेली बाई. जुने तंत्रज्ञ निवृत्त होताना आठ दिवस शिकवून गेले, पुढचं मी नासवून नासवून शिकले. इंग्रजी पुस्तकातल्या चित्राखालचे शब्द फळ्यावरून उतरवतात तसे उतरवायचे आणि घरी जाऊन भाच्याच्या शब्दकोशात शोधायचे. डॉक्टर लोक माझ्या स्लाइड मायक्रोस्कोपखाली बघून थिसिस लिहायचे, एम.डी. व्हायचे आणि जाताना मला पेढा द्यायचे.

त्या वर्षी थिसिस होता डॉ. शीतल बिरनाळे यांचा. मलेरियावरचं एक औषध. नाव लिहीत नाही, विभागात त्याला 'एम-सात' म्हणायचे. ताप उतरवतं यात वाद नव्हता. पोटातल्या कुठल्या अवयवाला ते जास्त दिवस दिलं तर सोसत नाही का, एवढंच बघायचं होतं. अठरा उंदीर. सहांना नुसतं पाणी, सहांना कमी औषध, सहांना जास्त. पाणीवाल्यांच्या डोक्यावर पिवळा ठिपका, कमीवाल्यांच्या पाठीवर, जास्तवाल्यांच्या शेपटीला. अठ्ठावीस दिवस रोज सकाळी नळीनं पोटात औषध. ९ तारखेला सगळे कापले.

आणि आता हा मेमो. तो हातात घेऊन मी तशीच कारखानीस सरांच्या खोलीत गेले.

सर वाईट माणूस नव्हते, हे आधीच सांगते, कारण पुढचं वाचून तसं वाटेल. औषध कंपनीचा माणूस पेन ठेवून गेला तर ते पेन दस्तगीरकरवी परत पाठवणारा हा माणूस. फक्त वर्ग चार म्हणजे कामचुकार, अशी त्यांची एक समजूत होती आणि ती तपासून बघायची त्यांना कधी गरज वाटली नव्हती.

"खुलासा आणलात, कोथमिरे?"

"खुलासा नंतर. आधी विचारायला आले. मी काय केलं म्हणता?"

त्यांनी चष्मा काढला. "पॅनक्रियाज म्हणजे काय, माहीत आहे?"

"स्वादुपिंड. रोज काढते."

"काढता हो. पण ते असतं काय? पचनाचा रस बनवणारी ग्रंथी. प्राणी मेला की तोच रस तिला स्वतःलाच पचवायला लागतो. यकृत, मूत्रपिंड थोडं थांबतं. हे थांबत नाही. मिनिटांत फॉर्मॅलिनमध्ये गेलं पाहिजे. बिरनाळेंनी मला स्लाइड दाखवल्या. जास्त औषधवाल्या सहाही उंदरांत पेशी फुटलेल्या, मध्ये पोकळ्या. त्या खूश, की औषधानं पॅनक्रियाज बिघडवलं, मोठा निष्कर्ष सापडला. मी म्हटलं, आधी रजिस्टर आणा."

रजिस्टर त्यांनी माझ्याकडे सरकवलं. मारल्याची वेळ, अठराही उंदरांपुढे साडेअकरा. फॉर्मॅलिनमध्ये टाकल्याची वेळ, पाणीवाल्यांपुढे बारा, कमीवाल्यांपुढे एक, जास्तवाल्यांपुढे दोन. अक्षर बिरनाळे मॅडमचं.

"म्हणजे तुम्ही अठराही एकदम मारून ओळीनं मांडलेत आणि मग सावकाश पोटं उघडत बसलात," सर म्हणाले. "जे शेवटी उघडले ते अडीच तास तसेच पडले. आणि तेच खराब झालेत. यात औषधाचा काय संबंध?"

"मी एकेक केला, सर. एक मारायचा, काढायचं, बाटलीत टाकायचं, झाकण लावायचं, मग पुढचा. आणि ओळीनंही नाही. एक पाणीवाला, एक कमीवाला, एक जास्तवाला, असे फिरवून. मेल्यापासून स्वादुपिंड बाटलीत जायला मिनिटभर लागतं, बाकीचे अवयव त्यानंतर."

"रजिस्टर तसं म्हणत नाही."

"रजिस्टर मी लिहीत नाही."

"मग डॉक्टर बिरनाळे खोटं लिहितात?"

यावर मी गप्प बसले. का बसले ते पुढे येईल. दुसरं बोलले. "शेवटच्या आठवड्यात जास्तवाल्यांचा भुसा मी रोज बदलत होते. दुप्पट पाणी प्यायचे, दुप्पट लघवी. भुशाला मुंग्या लागायच्या. बाकीच्या पिंजऱ्यांना नाही. मी मॅडमना सांगितलं होतं."

"मुंग्या पुरावा नसतात, कोथमिरे."

"नसतील. पण त्या उंदीर जिवंत असताना आल्या होत्या."

सरांनी चष्मा चढवला. आणि मग, अगदी समजावणीच्या सुरात, जणू माझीच बाजू घेतायत असं, म्हणाले, "मी समजू शकतो हो. लहानपणापासूनची सवय असते. दुकानात सकाळी सगळं कापून टांगायचं आणि मग गिऱ्हाईक येईल तसं सोलत बसायचं. इथं तसं चालत नाही, इतकंच."

आम्ही खाटीक. तासगावला आमचं दुकान, आधी बापाचं, मग भावाचं. ते सरांना माहीत होतं, सगळ्या विभागाला माहीत होतं. कुणाला मटण हवं असलं की मीच आठवायची.

"सर," मी म्हटलं, "आमच्या दुकानात पहिल्याचं मांस आकड्याला लागल्याशिवाय दुसऱ्याची दोरी सोडत नाहीत. एकदा भावानं दोन एकदम पाडले, तर बापानं त्याला गिऱ्हाइकांसमोर थोबडवलं. तुमच्या कॉलेजात काय पद्धत असेल ती असो, खाटकाच्या दुकानात ओळीनं मांडून ठेवत नाहीत. नासतं."

त्यांचा चेहरा लाल झाला. "सात दिवस आहेत. काय ते लिहून द्या. त्या सहा स्लाइड थिसिसमधून काढायला मी सांगितलंय. तळटीप जाईल, परिचराच्या हलगर्जीपणामुळे नमुने निकामी झाले. आणि एक तारखेपासून तुम्ही धोबीखान्यात. प्राणीघराला दुसरं कोणी बघू."

"तळटिपेत माझं नाव?"

"नाव घालत नाही आपण."

"विभागात परिचर एकच आहे, सर," मी म्हटलं आणि बाहेर आले.

धोबीखान्यातल्या बायका माझ्या ओळखीच्या होत्या. चादरी धुण्यात कमीपणा नाही, तो त्या चादरी रक्तानं भरवून फेकणाऱ्यांनी वाटून घ्यावा. पण हात बसल्यापासून माझ्याकडून एक वडी तिरकी कापली गेली नव्हती, आणि आता छापील पुस्तकात, जे माझ्या मागे राहणार होतं, त्यात माझ्या हातानं नासलं असं लिहिलं जाणार होतं. खोटं. आणि त्या खोट्याखाली ते औषधाचं खरंही गाडलं जाणार होतं.

बिरनाळे मॅडम जिन्यात भेटल्या. भेटल्या म्हणजे माझीच वाट बघत बसल्या होत्या. शिरोळकडची जैन मुलगी, घरात कांदा-लसूण नाही, आणि नंबर लागला तो नेमका उंदीर मारायच्या विषयाला. ९ तारखेला काय झालं ते आम्हा दोघींनाच माहीत होतं. पहिला उंदीर मी ईथरच्या बरणीत सोडला आणि मॅडम म्हणाल्या, "मावशी, तुम्ही करा, मी दाराबाहेर आहे." बाहेर उभ्या राहून त्या णमोकार म्हणत होत्या. मी आतून प्रत्येकाची वेळ ओरडून सांगत होते, त्यांनी ती लिहायची असं ठरलं होतं. लिहिली नाही. दोन वाजता मी बाटल्यांचा ट्रे घेऊन बाहेर आले, तेव्हा त्यांनी पिंजऱ्यांच्या क्रमानं सगळ्या वेळा एका बैठकीत भरल्या. सुरू झालं ते साडेअकरा, संपलं ते दोन, मधलं अंदाजानं.

"मी सरांना सांगते, मावशी."

"काय सांगता?"

"की मी आत नव्हते." एवढं बोलून त्यांचा आवाज बसला. "मग थिसिस जातो. न बघितलेलं बघितलं म्हणून लिहिलंय मी. पुढच्या महिन्यात द्यायचाय. घरी आधीच म्हणतात, सोड तो हिंसेचा विषय, लग्न कर."

"मग नका सांगू."

"आणि तुम्ही?"

"मॅडम, तुम्ही सांगितलंत तरी सर काय म्हणणार? बिचारी मुलगी, मावशीला वाचवतेय. तुमच्या घाबरटपणाच्या टेकूवर मला खरं ठरायचं नाही. मला ती स्लाइड बघू द्या. जास्तवाल्यातली. कुठलीही."

त्यांना ते घाबरट म्हटलेलं लागलं. लागायलाच पाहिजे होतं. पण स्लाइड त्यांनी दिली.

प्राणीघरात जाऊन मी ती आमच्या जुन्या मायक्रोस्कोपखाली लावली. स्लाइड मीच रंगवली होती, पण रंगवताना रंग बघतात, आत काय आहे ते नाही. आता बघितलं. ज्यांना कधी बघायला मिळालं नसेल त्यांच्यासाठी सांगते. स्वादुपिंडाचा मोठा भाग म्हणजे पाचक रस बनवणाऱ्या पेशींचे गच्च घोस, गर्द जांभळे-गुलाबी. त्यांच्यात मध्ये मध्ये फिकट गोल ठिपके. डॉक्टर त्यांना बेटं म्हणतात. रक्तातली साखर ही बेटं सांभाळतात; ती बिघडली की साखर लघवीत उतरते आणि मुंग्यांना ती बरोबर कळते.

घोस जागच्या जागी होते, कडा धारदार. बेटं तुटली होती. आक्रसलेली, आत भोकं. आणि तुटक्या बेटांभोवती बारीक निळे ठिपके, एखाद्या घराला आग लागल्यावर गर्दी जमते तसे.

"हे निळे ठिपके काय, मॅडम?"

"पांढऱ्या पेशी. कुठे इजा झाली, सूज आली, की रक्तातून तिथं धावतात."

"मेल्यावर धावतात?"

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. "मेल्यावर कशा धावतील?"

"बरं," मी म्हटलं. "उद्या मंगळवार. म्हाताऱ्या नर उंदरांना मारून कमी करायचा दिवस. यादीवर सरांची सही आहे, पाच आहेत. सकाळी साडेनऊला या. घड्याळ आणा. बाहेर थांबायचं असेल तर येऊ नका."

मॅडम सव्वानऊलाच आल्या. नवीन वही, दोन पेनं.

पहिला नर ईथरमध्ये शांत झाला. मी पोट उघडलं, पाणथरीच्या, म्हणजे प्लीहेच्या, बाजूनं बोट घातलं, फिकट गुलाबी पदर चरबीपासून सोडवला आणि मिठाच्या पाण्यात टाकला. उंदराचं स्वादुपिंड चरबीत पसरलेलं असतं, नवशिका माणूस हमखास चरबीच काढतो. चरबी तरंगते, हे बुडतं. बुडालं की उचलून फॉर्मॅलिनमध्ये.

"किती?"

"पन्नास सेकंद," मॅडम म्हणाल्या. ओठ पांढरे पडले होते, पण पेन चालत होतं.

दुसरा नर मारून मी ट्रेमध्ये तसाच ठेवून दिला. तिसरा तसाच. चौथा, पाचवा. हात मागे बांधून उभी राहिले.

"मावशी, हे काय करताय?"

"हलगर्जीपणा."

त्या एकदम हसल्या आणि मग स्वतःच ओशाळल्या.

पाव तासानं दुसऱ्याचं काढलं, अर्ध्या तासानं तिसऱ्याचं, तासानं चौथ्याचं. पाचवा अडीच तास. सरांनी माझ्या माथी मारला होता तेवढाच. मधे दस्तगीर कुठलासा कागद घेऊन आला, दारातून ट्रेकडे बघून म्हणाला, "मावशी, ज्याच्यापायी मेमो मिळाला तेच परत करताय व्हय?"

"होय."

"धन्य हाय तुमची."

"दस्तगीर, किती वाजलेत?"

"दहा चाळीस."

"वहीत सही कर. साक्षीदार म्हणून."

"मला नगं त्या भानगडीत," म्हणत त्यानं नाक दाबलं, आत आला, सही केली आणि पळाला. सतरा वर्षांत तो पहिल्यांदा आत आला.

अडीच तास पुरे झाले तेव्हा पाचव्याचं स्वादुपिंड बोटाला लिबलिबीत लागलं. दुसऱ्या कुणाला कळलंही नसतं. मला अशी चीड आली की काय सांगू. आपल्या हातानं वस्तू नासू देणं, समोर उभं राहून. बापानं बघितलं असतं तर त्या वयातही थोबडवलं असतं.

एक दिवस फॉर्मॅलिनमध्ये, मग अल्कोहोलमधून, मग मेण. शनिवारी वड्या कापल्या, रविवारी येऊन रंगवल्या. मॅडम रविवारीही आल्या, डबा घेऊन. थालीपीठ आणि लोण्याचा गोळा. प्राणीघराच्या पायरीवर बसून खाल्लं. त्यांनी विचारलं, "मावशी, तुम्हाला काही वाटत नाही का? मारताना?"

"वाटतं. म्हणून नासू देत नाही."



सोमवारी सातवा दिवस. अकरा वाजता मी सरांच्या टेबलावर खुलासा ठेवला. एका कागदावर दोन ओळी. शेजारी स्लाइडची पेटी, शेजारी नवी वही. मॅडम माझ्या मागे उभ्या.

सरांनी वाचलं. मोठ्यानं वाचलं, त्यामुळे मलाही ऐकू आलं. "'मी उशीर केला नाही. उशीर केला तर काय दिसतं, ते सोबत जोडलं आहे.' हे काय आहे, कोथमिरे?"

"खुलासा."

"कोणी लिहून दिला?"

"लिहायला काय आहे त्यात, दोन ओळी. बनवायला सात दिवस लागले."

त्यांनी वही चाळली. वेळा, सही, वेळा, सही, दस्तगीरची वाकडी सही. मग पहिली स्लाइड लावली. मी नंबर घातले होते, वेळ लिहिली नव्हती.

"हे ताजं आहे," ते म्हणाले. दुसरी. "ठीक." तिसरी. "सुरुवात झाली आहे." चौथी. पाचवीला बराच वेळ डोळा लावून बसले. "हे गेलं. घोसच विरघळलेत. पेशींची केंद्रकंही दिसत नाहीत. किती वेळ?"

"अडीच तास," मॅडम म्हणाल्या.

"बेटं?" मी विचारलं.

"ती त्या मानानं... ओळखू येतात अजून." एवढं बोलून ते थांबले. हात आपोआप पेटीकडे गेला. "बिरनाळे, तुमची द्या. जास्त डोसची."

त्यांनी ती लावली.  मला त्यांचा चेहरा दिसत नव्हता, मान दिसत होती. मान हळूहळू ताठ झाली.

"उलटं आहे," ते म्हणाले. "घोस शाबूत. बेटंच तुटलीत."

"उशिरानं नासलं असतं तर आधी रसवाला भाग जायला हवा होता ना, सर? तुम्हीच सांगितलंत, तो रस स्वतःला खातो."

त्यांनी डोळा परत भिंगाला लावला.

"आणि कडेचे निळे ठिपके बघा," मी म्हटलं. "माझ्या पाचांत एकही नाही. शोधून बघा."

त्यांनी शोधलं. पाचवी पुन्हा लावली, चौथी पुन्हा लावली. मग खुर्चीत मागे टेकले. "तुम्हाला हे कुठे कळलं?"

"दुकानात."

सरांनी माझ्याकडे बघितलं. मी नजर काढली नाही.

"बाजारातून बोकड आणताना दलाल त्याला काठीनं हाणतात. वरून काही दिसत नाही. कातडं निघालं की मांसात काळंनिळं रक्त पसरलेलं दिसतं. आम्ही त्याला मुका मार म्हणतो. तो भाग बाप गिऱ्हाइकाला देत नसे. आणि कापल्यानंतर, टांगल्यानंतर, त्याच मांसाला तुम्ही वरवंट्यानं ठेचा. ठेचलं जाईल, पण तसं रक्त धावून येणार नाही. मेल्याला मुका मार लागत नाही, सर. या सहा उंदरांना लागलाय. जिवंतपणी. अठ्ठावीस दिवस रोज सकाळी, मीच नळी धरत होते."

मग मागून आवाज आला. "सर, रजिस्टरातल्या वेळा खोट्या आहेत. मी आत नव्हते. मला बघवत नाही म्हणून बाहेर उभी होते, आणि नंतर अंदाजानं भरल्या. मावशी एकेकच करत होत्या. मला बाहेर ऐकू येत होतं."

मी हे सांगायला लावलं नव्हतं. मागे वळूनही बघितलं नाही. पण मुलीचा आवाज या वेळी बसला नाही.

सर तिच्यावर चिडले. हळू चिडत, ते जास्त लागतं. ज्या डॉक्टरला स्वतःच्या प्रयोगात उभं राहवत नाही तिनं त्याखाली सही करू नये, म्हणाले. सगळा प्रयोग पुन्हा, नवे अठरा उंदीर, आणि प्रत्येक वेळ तिच्या हातची, त्या क्षणी लिहिलेली. ती एक सत्र मागे पडली. प्रयोग पावसाळ्यात पुन्हा झाला, मॅडम शेवटच्या उंदरापर्यंत ट्रेशेजारी उभ्या राहिल्या, आणि जास्तवाल्या सहांत पुन्हा तेच निघालं. कमीवाल्यांतही दोघांत थोडं. पुढे एका छोट्या नियतकालिकात ते छापून आलं. मोठ्या लोकांनी मोठ्या प्राण्यांवर ते तपासलं की नाही, मला माहीत नाही. माझ्या उंदरांपुरतं मी खरं सांगते.

तर त्या सोमवारी, मॅडमना झापून झाल्यावर, सरांनी मेमोची कार्यालयीन प्रत फाइलमधून काढली आणि दोन्ही हातांत धरली.

"फाडू नका," मी म्हटलं.

"मी मागे घेतोय हा."

"मागे कशाला? मेमो फाडला तर माझा खुलासा कशाचा? उद्या कुणी फाइल उघडली तर म्हणेल, ही बाई उगाच उंदीर नासवत बसली होती. दोन्ही लागू द्या. शेजारी शेजारी."

त्यांनी मेमो खाली ठेवला, पेन काढलं आणि समासात लिहिलं, 'खुलासा समाधानकारक.' खाली सही. मी तिथंच उभी.

"आता काय?"

"चूक कोणाची, ते राहिलं."

 सरांनी तो कागद पुन्हा पुढ्यात ओढला. मग म्हणाले, "मी स्लाइड नीट बघितलीच नाही. आधी रजिस्टर बघितलं." हे माझ्याशी बोलत होते की स्वतःशी, कोण जाणे. पण लिहिलं. 'विभागप्रमुखांच्या निष्कर्षात चूक होती.' एक रेघ थोडी वाकडी आली.

"धोबीखान्याचा आदेश?"

"निघणार नाही."

"दुकानाबद्दल बोललात ते?"

यावर त्यांच्याकडे समास नव्हता. ते उठले. "ते मी बोलायला नको होतं, कोथमिरेबाई."

मी मान हलवली. क्षमा केली असं कुणी समजू नये. ऐकलं, एवढंच.

"बाकीच्या पाच दाखवा मला," सर म्हणाले, "जास्त डोसच्या. तुम्ही फिरवा, मी मागून बघतो. बसा." आणि त्यांनी स्वतःची खुर्ची माझ्याकडे वळवली.

"मला उभ्यानंच दिसतं, सर. सहा वर्षं उभ्यानंच बघतेय. डोळा त्या उंचीला बसलाय."

मी आग्रहाची वाट बघत होते, तो नाकारायची तयारी करून. आग्रह झाला नाही. सरांनी खुर्ची भिंतीकडे सारली, कपाटातून औषधशास्त्राचे तीन जाडजूड ग्रंथ काढले, एकावर एक रचले, मायक्रोस्कोप दोन्ही हातांनी उचलून त्यांच्यावर ठेवला आणि तो हलत नाही ना हे बघून बाजूला झाले.

"आता?" त्यांनी विचारलं.

मी डोळा लावला. बरोबर उंचीला आला होता.

"मॅडम, पहिली द्या," मी म्हटलं.